न दिसणारा टाका

मी, पद्मा उदयसिंहराव शितोळे, वय अडुसष्ट, धंदा रफूचा, राहणार सुभानपुरा, बडोदे. डोकं ठिकाणावर आहे, जीव मात्र थाऱ्यावर नाही. कुणाच्या दडपणाशिवाय, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते.

१. धाकटे दीर दत्ताजीराव जन्मभर मला 'चिंध्या शिवणारी' म्हणाले. त्यांच्या लग्नातल्या शेल्याची भोकं मीच बुजवली होती. त्यांना काही नाही.

२. सुया आणि धाग्यांची पेटी मुलगी डॉ. शलाका हिला. ऑपरेशन शिकत होती तेव्हा ती माझ्याशेजारी बसून रफू करायची. मी सांगायचे, धागा ताणू नकोस, धुतल्यावर आटतो. आणि टाका विरलेल्या काठात नाही, धड कापडात घे. ती म्हणायची, "आतड्याचंही तेच, आई. ते सुजतं, घट्ट बांधलं तर रक्त अडतं." तिने मला वाकडी सुई आणि चिमटा आणून दिला. धाग्याला थुंकी लावायची माझी खोड मोडली. या वयात हात सुधारला तो तिच्यामुळे, हे तिला कधी बोलले नाही.

३. एक गोष्ट मात्र मी चुकीची शिकवली. आमच्या धंद्यात रफू दिसला की अब्रू गेली. माझ्याच कात्रीने गिऱ्हाइकाचा शालू फाटला, तरी मी बेमालूम बुजवून निमूट परत करायचे. १९९४ साली बाजव्याचे फिटर गजेंद्र जाधव यांच्या ऑपरेशनमध्ये शलाकाच्या हातून आतड्याला चीर गेली. तिने ती शिवली आणि घरी येऊन रडली, "कागदावर लिहायला हवं गं." मी म्हणाले, "नीट शिवलंस ना? मग गप्प बस." तिने माझं ऐकलं आणि परीक्षेला परगावी गेली. पाचव्या दिवशी टाका सुटला. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून दुसरे डॉक्टर दोन दिवस तापाचं कारण भलतीकडेच शोधत राहिले. माणूस वाचला, पण जड काम कायमचं सुटलं. शालूला ताप येत नाही, एवढंही मला सुचलं नाही. याची मला लाज वाटते.

४. घर शलाकाला, अट एकच, तिने गजेंद्र यांना समोर जाऊन सगळं सांगावं. तिची नोकरी जाईल, कदाचित डॉक्टरकीही. आई आहे मी. हे लिहिताना तीन कागद फाडले.

५. वरची अट आज रद्द. काल शलाकाने मसुदा वाचला. आज सकाळी स्कूटर काढून बाजव्याला गेली आणि गजेंद्र यांना सगळं सांगून दुपारी त्यांना घेऊन आली. मी पाणी पुढे केलं. "नको, बेन." मी म्हटलं, साक्षीदार म्हणून सही कराल का? आधी वाचा. त्यांनी दोनदा वाचलं. शलाका उभीच होती.

बडोदे, १७ ऑगस्ट १९९७
सही: पद्मा उ. शितोळे

साक्षीदार:
१. बापू साळवी, शेजारी
२. गजेंद्र जाधव, बाजवा. बाई शुद्धीवर आहेत, एवढ्यापुरती ही सही. माफ केलेलं नाही.