बांध कोणाचा

मौजे कानडवाडी,
श्रावण वद्य सप्तमी, शके १८६६

तीर्थस्वरूप थोरले बंधू तातेदादांच्या चरणी माणिकचा दंडवत.

पाटीलकीवरून आपलं भांडण झालं आणि तुम्ही घर सोडून हिंगोलीला गेलात त्याला तीन वर्षं झाली. मी एक पत्र टाकलं नाही, दोष माझा. इकडे सर्व खुशाल. घरच्या म्हाताऱ्या गोजरबाईचा खोकला कमी आहे. पांढरी गाय व्यायली.

पुराचं कानावर आलंच असेल. नदीकाठचा बांध फुटला. तांड्यातली अकरा घरं गेली.

तुम्ही पाटील होतात तेव्हा मृगाआधी घरटी एक माणूस बांधावर माती टाकायचा आणि तहसिलातून दगड यायचे. पुढे पाटीलकी माझ्याकडे आली, पंचायत झाली, मी तिचा मुख्य झालो, आणि तहसिलातून कागद आला की बांध आता पंचायतीचा. दगड मागितले तर म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मी हट्टाला पेटलो. गावाला बजावलं की यंदा एक टोपलीही टाकायची नाही. टाकली तर बांध आपण पत्करला असं होईल आणि दगड कायमचे बंद होतील. पाच अर्ज केले. माझं म्हणणं कायद्यानं बराबर होतं, दादा.

तांड्यातल्या थावराचं लिहायचं टाळून राहिलो आहे. तुमचाच सोबती तो. मृगाच्या आदल्या दिवशी बायकोला, मोतीबाईला घेऊन चावडीवर आला, हातात फावडं आणि टोपली.

"पाटील, बांध खालून पार पोकळ झालाय. आमी दोघंच टाकतो माती."

"अर्जाचा जवाब येईस्तोवर हात लावायचा न्हाई," मी म्हणालो, आणि टोपली चावडीत ठेवून घेतली. त्यानं माझं ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

सोमवारी भर दुपारी पाणी शिरलं. थावरा म्हशी सोडायला गेला. दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेला सापडला.

काल पंचनामा झाला. कारण लिहिलं अतिवृष्टी. तहसीलवाल्यांनी सही केली, मीही केली. आज मोतीबाई टोपली न्यायला आली. "तुमी तरी काय करणार, पाटील," म्हणाली आणि गेली.

दादा, मला कोणी बोल लावत नाही. हे सहन होत नाही. पाटीलकीवरून मी जे बोललो ते पोटात घाला आणि या. चावडीसमोर, सगळ्यांदेखत मला विचारा, थावराला काहून अडवलंस?

थावराला अडवणारा,
तुमचा धाकटा भाऊ
माणिक