वस्तीवरची गाडी

सर, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. आता मीही इतिहासच शिकवते, शहरात क्रांती चौकाजवळच्या एका शाळेत. तुमचा एक तास अजून जसाच्या तसा आठवतो. कन्नडच्या कॉलेजात, बाजाराचा दिवस म्हणून वर्गात आम्ही सातजणीच, आणि तुम्ही अमेरिकेतली १८७६ सालची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक सांगताय. दक्षिणेतल्या तीन राज्यांतून दोन-दोन निकाल आलेले, दोन्ही पक्ष म्हणतात आम्हीच जिंकलो. शेवटी पंधराजणांची समिती बसते आणि आठ विरुद्ध सात मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरतो. हरलेल्यांनी गप्प बसावं म्हणून दक्षिणेतलं सैन्य मागं घेतलं जातं. चाचणीत मी लिहिलं होतं, 'अशा रीतीने तडजोड झाली व देशात शांतता नांदली.' तुम्ही सगळ्यांसमोर वही माझ्यापुढं धरलीत. "कोणाची शांतता गं पोरी? मत दिलं म्हणून ज्या काळ्या लोकांना मारत होते, त्यांच्या राखणीला ते सैनिक होते. त्यांना विचारलंस?" मी रडले. खरं सांगते, तुमचा फार राग आला होता.

गेल्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मला आमच्या शाळेच्याच तालुक्यातल्या एका गावी केंद्राध्यक्ष म्हणून नेमलं. गावाबाहेरच्या वस्तीला धमक्या आलेल्या, म्हणून तिथं पोलिसांची गाडी उभी. तिच्या भरवशावर वस्तीतली माणसं रांगेला आली. मतदान संपता संपता बोगस मतांवरून वाद पेटला, दोन्ही पॅनलची माणसं शाळेच्या पटांगणात एकमेकांच्या अंगावर. तासाभरानं पाहते तर दोन्हीकडचे पुढारी एकाच बाकावर चहा पिताहेत. कोणीही येवो, पदं वाटून घ्यायची, तक्रार कोणी करायची नाही, असं ठरलेलं. त्यातला एक माझ्याकडं आला. "मॅडम, सगळं मिटलं. वस्तीवर तणाव नाय, एवढं लिहून द्या. गाडीचं काय काम आता?"

वस्तीतली एक बाई मतदान केंद्राच्या दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, गाडी आजच नका काढू. लई बोललेत ते आम्हाला." मला मशीन जमा करायचं होतं, घर गाठायचं होतं. "आता मिटलंय, काही व्हायचं नाही," म्हणाले आणि लिहून दिलं. त्याच संध्याकाळी ती गाडी आमच्या बसच्या पुढं निघूनही गेली.

महिन्याभरानं देवगाव रंगारीला माहेरी जाताना जीप त्याच रस्त्यानं गेली. वस्तीतल्या एकूणएक दाराला कुलूप. एका घरावरचे पत्रे काढून नेलेले, आतली भिंत वरपर्यंत काळी. मी ड्रायव्हरला विचारलं, "इथली माणसं कुठं गेली हो?" त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण त्यांच्या?" 

हे पत्र मी कुठं टाकणार, सर. पण एक सांगायचं राहतंय. मतदानाच्या दिवशी निघताना त्या बाईनं माझा नंबर मागितला होता, वेळ आली तर असावा म्हणून. मी सांगितला. शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला.