नखं काळी पडल्यावर

केज

प्रिय मनिषा,

परवा लातूरला तपासणीला जाताना रिक्षा तुझ्या पार्लरवरून गेली. तू एका पोरीच्या भुवया कोरत होतीस. हाक मारावीशी वाटली, पण एसटी चुकेल म्हणून आमचे हे, महांतेश, घाई करत होते.

माझ्या नणंदेच्या, शिवानीच्या लग्नापासून तू घरी आली नाहीस. मी रागावलेय असं तुला कोणीतरी सांगितलं म्हणे. रागावले होते, खरंय. केमोनं केस गेले, भुवया गेल्या, नखं मुळापासून काळी पडली. गावातल्या झाडून साऱ्या बाया लग्नाला येणार, म्हणून मी तुझ्यापुढं हात धरले. एवढं मॅनिक्युअर करून दे, बाकीचं पदराखाली झाकीन, म्हटलं. तू माझ्या डॉक्टरांना फोन लावलास, आणि मग म्हणालीस, "न्हाई, रुद्रे. कातडीला जरा कात्री लागली तर तुझ्या अंगात झुंजायला ताकद न्हाई. लई वाईट वाटलं तरी वाटू दे." सासूबाई तिथंच होत्या. "आजारी बाईचे हात कोण बघतंय?" म्हणाल्या. लागलं ते त्यांचं बोलणं, अन् राग निघाला तुझ्यावर.

पुढं वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर आष्टीकडची सुरेखा आली. रक्ताचा कॅन्सर. आईबाप ऊसतोडीला गेलेले, सोबतीला मावशी सुभद्राबाई. पोरीचा साखरपुडा ठरला होता, म्हणून पार्लरात नखं करून घेतलेली. सासरी आजार कळू नये म्हणून पार्लरवालीलाही काही सांगितलं नव्हतं. नखाभोवतीची कातडी काढताना थेंबभर रक्त आलं, तेवढंच. वॉर्डात आली तेव्हा बोट फुगून निळं झालेलं, अंगात ताप. तापातही मला विचारायची, "ताई, नखं झ्याक हायेत का न्हाई?" झ्याकच होती गं, गुलाबी. ताप शेवटपर्यंत उतरला नाही. ती गेली त्या सकाळी सुभद्राबाई भिंतीला डोकं टेकून एकच म्हणत होत्या, "कावून लपवलं आमी? कावून?" मी पांघरुणात माझे हात घट्ट धरून पडले होते. तुझ्यावरचा राग तिथंच संपला. तुला कळवायचं मात्र राहून गेलं. एकेका केमोनंतर उठवतच नव्हतं.

आता परवाचं सांगते. आजार हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी महांतेशना बाहेर नेलं, पण दार नीट लागलं नव्हतं. औषधं थांबवू म्हणाले. आता पथ्य नको, त्यांच्या मनाला येईल ते करू द्या. येताना महांतेश सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी ऐकलंय, हे त्यांना अजून ठाऊक नाही. तुला सांगतेय, कारण माझ्या मनाला येतं ते तुझ्याच हातात आहे. आता मला कसलीच मनाई उरलेली नाही. तू ये आणि माझी नखं कर. काळी आहेत, सावकाश कर. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात, तुला माहीत आहे. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात, आणि शेवटचं पाहायला आलेला प्रत्येक जण त्या हाताकडं बघतो. तो हात तू केलेला असू दे. लवकर ये, बये.

तुझीच,
रुद्राणी