मऊ पाठीचा भुंगेरा

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मी आता मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवते आणि घरचे ज्याला अजूनही ‘किडे गोळा करणं’ म्हणतात तेच करते. यंदा माझा एक पेपर छापून आला. त्यात एका नव्या जातीचं वर्णन आहे, सोल्जर बीटलच्या. मराठीत ह्या भुंगेऱ्यांना रूढ नाव नाही. तुम्ही वर्गात ‘मऊ पाठीचे’ म्हणायचात, कारण बाकी भुंगेऱ्यांसारखं कडक कवच ह्यांना नसतं. पाठीवरचे पंख बोटाखाली पातळ चामड्यासारखे दबतात. मीही मुलांना तसंच सांगते.

हा भुंगेरा मला कॉलनीच्या मागे मिळाला, जिथे शेवटच्या बिल्डिंगची संरक्षक भिंत संपते आणि डोंगर सुरू होतो तिथे. पाऊस ओसरला होता. घाणेरीच्या फुलांवर नेहमीचे पिवळे बीटल बसले होते, आणि त्यांच्यात हा एक, मानेशी नारिंगी आणि मागे काळपट निळा. मला काही विशेष वाटलं नाही. एकाच जातीत रंग थोडा इकडेतिकडे होतोच, हे तुमच्याकडूनच शिकलेलं. पुढच्या हंगामात त्याच झुडपांवर तसेच आणखी मिळाले, नर आणि मादी दोन्ही, आणि मग मात्र मी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतले.

एम.एस्सी.ला असताना मी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘नवीन जात?’ असं लिहिलं होतं. तुम्ही ब्लेड घेतलंत आणि चिठ्ठीचा तेवढा तुकडा कापून टाकलात. मग म्हणालात, “नवीन तुला. जगाला नवीन आहे का, ते आधी शोध.” सगळा वर्ग हसला. मी दोन दिवस लॅबमध्ये आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही तुमचा बारीक टोकाचा चिमटा माझ्या टेबलावर ठेवलात. “ठेव. टोक वाकवू नकोस.” एवढंच. टोक नंतर वाकलं, सर. आता दुसरा वापरते.

पार्ल्याचं तुमचं स्वयंपाकघर मला त्या लॅबपेक्षा जास्त आठवतं. खिडकीशी उजेड चांगला म्हणून तुमचा सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर असायचा, आणि काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, “तुमचे ते पाय-बिय माझ्या पिठात नकोत हं.” तुम्ही मान वर करत नाही. एका रविवारी मी विचारते, “सर, तुम्ही कधी नवी जात नाही का लिहिलीत?” तुम्ही फोकस फिरवत राहता. “लिहिली ना. एक होती माझी. आता नाही.” मग समजावता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे. तुम्ही सोल्जर बीटलची एक जात वर्णन केली होती, नाव दिलं होतं. पुढे परदेशातल्या एका अभ्यासकानं लिहिलं, की ही फार पूर्वीच नोंदलेली जात आहे. अशा वेळी जुनं नाव टिकतं आणि नवं मोडीत निघतं. “त्यांनी आतून उघडून पाहिलं होतं का?” मी विचारते. “बाहेरून पाहिलं असेल,” तुम्ही म्हणता, आणि काकूंकडे चहा मागता.

ते ‘बाहेरून’ माझ्या डोक्यात राहिलं. ह्या भुंगेऱ्यांचा खरा निवाडा नराच्या जननांगाच्या आकारावर होतो, रंगावर नाही. छापण्याआधी माझा पेपर तपासणाऱ्यानं जेव्हा लिहिलं, की ह्या भागातल्या जवळच्या जातींशी, मोडीत निघालेल्यांशीसुद्धा, तुलना करावी, तेव्हा मला बरंच वाटलं. तुमचा मूळ नमुना बघायला आता अधिकृत कारण मिळालं होतं. तुमची जात वेगळी निघाली असती, तर माझ्याच पेपरात तिला तिचं नाव परत देता आलं असतं. असं होतं कधी कधी.

तुमचा नमुना ज्या संग्रहालयात आहे, तिथल्या बाईंनी पेटी काढून दिली. टाचणीखाली तुमचं अक्षर, बारीक आणि उजवीकडे कललेलं. त्यांनी विचारलं, “तुमचे कोण?”

“शिकवलंय त्यांनी.”

“उघडा मग. पण माझ्यासमोर.”

वाफेवर नमुना मऊ केला, पोटाचं टोक सोडवलं, औषधात ठेवलं, आणि मऊ भाग विरघळल्यावर पाहिलं. जुन्या जातीच्या चित्रात जननांगाच्या टोकाशी जो हुकासारखा आकडा आहे, आखूड आणि आत वळलेला, तोच होता. माझ्या मुलुंडच्या भुंगेऱ्यात हा आकडा लांब आहे आणि टोकाशी दुभंगलेला. म्हणजे माझा नवा होता. तुमचा नव्हता. परदेशातल्या त्या माणसानं बाहेरून पाहून जे लिहिलं, ते बरोबर होतं. पेपरात मी तसं एका वाक्यात नोंदवलं.

छापून आल्यावर एक प्रत घेऊन काकूंकडे गेले. तुमच्या बिल्डिंगचं पुनर्बांधणीचं काम निघालंय, काकू आता पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहतात. त्यांनी चित्रं पाहिली, पानं उलटली आणि विचारलं, “त्यांची ती जात बघितलीस का गं?”

“बघितली, काकू. वेगळी नाही निघाली.”

“अगं, माहीत होतं त्यांना.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “रिटायर झाल्यावर जाऊन बघून आले होते. मला म्हणाले, चूक माझीच आहे. आणि वरण गरम करायला सांगितलं.”

“मला बोलले नाहीत कधी.”

“तू विचारलं नसशील. विचारलं की सांगायचे ते. थांब, चहा टाकते.”

पुण्याची माझी सहलेखिका शेवटपर्यंत म्हणत होती, “नव्या जातीला सरांचं नाव दे की. छान दिसेल.” मी दिलं नाही. ज्या पानावर तुमची जात वेगळी नाही असं लिहायचं, त्याच पानावर दुसऱ्या किड्याला तुमचं नाव द्यायचं, हे तुमची समजूत काढल्यासारखं झालं असतं. ‘दुभंगलेला’ अशा अर्थाचं साधं लॅटिन नाव दिलं. त्या आकड्यावरून ओळखता येतो, एवढं त्या नावाचं काम आहे.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि काकूंना वाचून दाखवण्यासारखंही नाही. फक्त एक राहिलं. त्या दिवशी संग्रहालयात तो आखूड आकडा पहिल्याच नजरेत ओळखू आला होता. तरी मी बाईंना म्हटलं, अजून थोडा वेळ लागेल. आणि काचेवरचा तुमचा भुंगेरा ह्या बाजूनं, त्या बाजूनं, दिवा जवळ घेऊन, लांब नेऊन, त्या जेवायला उठेपर्यंत बघत बसले होते.