घाटाची सूत्रं माझ्याकडे

११ फेब्रुवारी

आज चहाच्या वेळी ह्यांनी जाहीर केलं, मोटरसायकलवरून घाट बघायला जातो. सहा दिवस. एकटा. शेवटचा शब्द इतका हळू उच्चारला की मला तो पुन्हा म्हणायला लावावा लागला.

एकटा! ज्या माणसाला रिटायर होईपर्यंत स्वतःचे मोजे सापडत नव्हते, तो!

कारण काय, तर तो रस्ता ह्यांनी काढला आहे. म्हणजे कागदावर. रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी त्या घाटाची सगळी वळणं ह्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढली आणि प्रत्यक्ष कधी पाहिलीच नाहीत. मी म्हटलं, मी सगळी नोकरी विमा कंपनीच्या तक्रार विभागात केली, म्हणून मी काय लोकांची जळलेली गोदामं बघत हिंडू?

पण हौस आहे बिचाऱ्यांची. मी मोठ्या मनानं सांगितलं, मी बरोबर येते. मागे बसेन. प्लॅनिंगची काळजी नको, सूत्रं माझ्याकडे.

ह्यांना इतकं भरून आलं की चहा तसाच ठेवून खाली गाडी पुसायला गेले.

१२ फेब्रुवारी

मुलीला फोन करून बातमी दिली. ती म्हणाली, आई, बाबांना जाऊ दे ना एकट्यांना. तुला घर मोकळं मिळेल. आठवडाभर मस्त मजा कर.

घरात एकटीनं कोणती मजा करायची असते ते तिनं सांगितलं नाही. दिवस ठीक आहे. रात्री आपला फ्रीज मधूनच घुरघुरतो, बाथरूमच्या खिडकीची झडप आपटते. दुरुस्तीला घरात कोणी असलेलं बरं, एवढाच मुद्दा आहे.

तिला सांगितलं, प्रश्न माझ्या मजेचा नाही. प्रश्न ह्यांच्या सुरक्षिततेचा आहे.

१३ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. मुलीनं लावालावी केलेली दिसते. वहिनी, तुम्ही माझ्याकडे या राहायला, त्याला जाऊन येऊ दे, म्हणाल्या. लहानपणापासून त्याला कोणी एकट्याला कुठे जाऊच दिलं नाही हो. आधी आई, मग तुम्ही.

काय बोलणं! मी कधी कोणाला अडवलं आहे? मी फक्त विचारते. कुठे, कशाला, किती वाजता परत. इतकी साधी चौकशी तर बँकसुद्धा करते.

नणंदेकडे जाणार नाही. त्यांच्या घरात टीव्ही आणि नणंद एकाच वेळी बोलतात.

१७ फेब्रुवारी

पहिली अडचण. मागच्या सीटचं फूटरेस्ट तुटलं आहे. पाय कुठे ठेवू? ह्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली आणि पडलेला चेहरा करून परत आले. पार्ट मिळत नाही. महिना लागेल. कदाचित दोन. फार वाईट वाटत होतं त्यांना. मला म्हणाले, तुझं नशीबच बघ.

नशीब वगैरे मी मानत नाही. उद्या स्वतः जाते.

१८ फेब्रुवारी

गेले. फूटरेस्ट फळीवर होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, नवंकोरं. मी म्हटलं, हे काय आहे? मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, साहेबच म्हणाले होते, घाई नाही, दिसेल असं ठेवू नकोस.

स्वतःचा आळस दुसऱ्याच्या नावावर खपवायची ही जुनी युक्ती. तक्रार विभागात असले शंभर पाहिले आहेत. समोर उभी राहून बसवून घेतलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अरे वा. आणि खुर्चीत बसले.

२१ फेब्रुवारी

पहिली ट्रायल. चौकापर्यंत आणि परत.

सरळ रस्त्यावर उत्तम. चौकातल्या गोल चक्कराला ह्यांना वळताच येईना. गाडी रुंद वळण घेत थेट फर्निचरच्या दुकानासमोर गेली. दुकानदार सोफा आत ओढू लागला. घाबरट.

ह्यांचं म्हणणं, गाडी वळणावर कलते, तेव्हा मागच्यानंही तिच्याबरोबर कलायचं असतं. तू ताठ बसतेस, उलट बाजूला तोलतेस, मग गाडी वळत नाही.

मी ताठ बसते कारण मला ताठ बसायला शिकवलं आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बाकांच्या मागून फिरत आणि जिची पाठ वाकली असेल तिच्या पाठीत पट्टी लावत. बाई कललेली दिसली की समजावं, तिचं काहीतरी बिनसलं आहे, असं त्या म्हणत. एवढ्या वर्षांनी एका मोटरसायकलसाठी मी कलंडायला सुरुवात करणार नाही.

दोष चालवण्यात आहे. ह्यांना सराव हवा.

२४ फेब्रुवारी

सराव. ह्यांनी मेकॅनिकलाही बोलावलं होतं, मला समजवायला. तो म्हणाला, मॅडम, सोप्पं आहे. साहेबांना गच्च धरा आणि सोडून द्या स्वतःला. पोत्यासारखं बसायचं.

मला! पोतं!

ह्यांनी त्याला काही सुनावलं नाही. उलट त्यांचे खांदे हलत होते. खोकला असावा. खोकल्याचं औषध सामानात घालणे.

२७ फेब्रुवारी

मुलीनं हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉम पाठवला. आई, आता तुला ओरडायला नको, म्हणाली. मी ओरडत नाही. माझा आवाज स्वच्छ आहे.

अप्रतिम वस्तू. आज बाजारापर्यंत सगळ्या सूचना थेट ह्यांच्या कानात. रिक्षा. कुत्रा. ब्रेक. ती बाई वळणार आहे. ती बाई वळली नाही, पण वळली असती. सिग्नल. ब्रेक म्हटलं ना.

परतताना मात्र बंद पडला. मी अर्ध्या रस्त्यापर्यंत रिकाम्या हवेत बोलत होते. ह्यांना म्हटलं, कंपनीकडे तक्रार करते. म्हणाले, नको, बिचाऱ्यांची काय चूक.

हा ह्यांचा भिडस्त स्वभावच नडतो.

१ मार्च

इंटरकॉम आजही बंद. घरी आल्यावर टेबलावर ठेवून पाहिला तर व्यवस्थित चालू. फक्त ह्यांच्या डोक्यावर असताना बंद पडतो. घामामुळे असेल.

लॉजवाल्यांना फोन करणं चालू आहे. घाटाच्या पायथ्याचा लॉज ठरवला. मालकिणीला विचारलं, खिडकीतून घाट दिसतो का? म्हणाली, खिडकीबाहेर घाटच आहे, दुसरं काय दिसणार. उद्धट. पण टॉयलेट स्वच्छ आहे असं छातीठोकपणे म्हणाली, म्हणून माफ केलं.

३ मार्च

सामान. गाडीला दोन पेट्या आहेत, एक माझी, एक ह्यांची. माझ्या पेटीत ब्लड प्रेशरचं मशीन, गरम पाण्याची पिशवी, घडीची खुर्ची, छत्री, दोन स्वेटर, उशी (लॉजच्या उशांवर कोण कोण झोपलेलं असतं) आणि औषधं. झाकण लागेना, म्हणून थोडं ह्यांच्या पेटीत सरकवलं. उरलेलं तिथेच बसलं.

ह्यांचे कपडे ह्यांना अंगावर घालता येतील. एकावर एक घातले तर थंडीही वाजत नाही. हा उपाय ऐकून हे म्हणाले, बघू.

हे बघू म्हणाले की ठरलं समजायचं. लग्नाला होकारही असाच दिला होता.

५ मार्च

एक संकल्प. प्रवासात गाडीवर एक शब्दही बोलणार नाही. अत्यावश्यक सोडून.

कारण काल जेवताना हे म्हणाले, अगं, मला तो रस्ता शांतपणे बघायचा आहे. मी म्हटलं, बघा की, मी काय डोळ्यांवर हात ठेवणार आहे? तर म्हणाले, एकेका वळणाला मी आठ आठ दिवस घालवलेत. पेन हललं की सगळं पुसून पुन्हा. मला फक्त बघायचं आहे, बरोबर आलंय का ते.

रस्ता बांधून इतकी वर्षं झाली, लोक जातात-येतात, म्हणजे बरोबरच आलं असणार. पण ठीक आहे. शांतता पाळू.

९ मार्च, रात्र लॉजवर

निघालो. पोचलो.

सपाट रस्ता, त्यामुळे कलण्याचा प्रश्न आला नाही. एकंदर प्रवास सुरेख झाला असता, पण कंबर गेली. गुडघे गेले. मी वाटेत ह्यांना मोजक्याच सूचना दिल्या. इंटरकॉम गाव सोडतानाच बिघडला, म्हणून त्या पाठीवर थोपटून द्याव्या लागल्या. एकदा थोपटलं तर हळू, दोनदा तर थांबा. हे एकदाही थांबले नाहीत. संकेत शिकवूनही लक्षात राहत नाहीत माणसाच्या.

खोली बरी आहे. मालकीण फोनवर होती तशीच आहे. घाट समोर उभा आहे. हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले ते जेवायलाही हलेनात. बोटानं काचेवर काहीतरी काढत होते.

उद्या माथ्यावर.

१० मार्च, दुपारी

पडलो नाही. बसलो. हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

पहिलंच वळण, अगदी केसात घालायच्या आकड्यासारखं. हे डावीकडे कलले, मी नेहमीप्रमाणे योग्य तोल सांभाळला. गाडी वळायची सोडून सरळ कडेच्या खडीत गेली, थांबली, आणि मग सावकाश, अगदी विचार करून, आडवी झाली. मी गवतावर बसले. खरचटलंही नाही. हेल्मेटमध्ये एक मुंगी गेली, तेवढंच.

मागून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं उतरून गाडी उचलायला मदत केली. उपकार केले म्हणायचे, पण तोंड? म्हणतो, आजी, तुम्ही मागे बसला होता की मागचा ब्रेक होता?

आजी!

मी त्याला सुनावणार होते, तोच हे बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, तू खाली लॉजवर थांब. मी वर जाऊन येतो. संध्याकाळपर्यंत येईन.

मी म्हटलं, आपण बघू.

तर म्हणाले, नाही. मी जातो.

ट्रकनं मला लॉजपर्यंत सोडलं. माझी पेटी, माझी खुर्ची आणि मी. ड्रायव्हर सगळ्या वाटेवर गप्प होता, कारण मी त्याला ट्रकच्या आरशांबद्दल काही सूचना करत होते.

मालकिणीनं मला एकटीला पाहिलं आणि विचारलं, साहेब? वर गेले, मी म्हटलं. तिनं असा चेहरा केला की खुलासा करावा लागला.

१० मार्च, चार वाजता

ठरवलं आहे. आल्यावर ठामपणे सांगणार. झाला तुमचा घाट बघून, आता उद्या सकाळी परत. बसनं. गाडी ट्रकमध्ये घालून आणता येते, मी चौकशी केली आहे. मुद्दे पाठ करून ठेवले: (१) कंबर, (२) जबाबदारी, (३) वय. ह्यांचं.

१० मार्च, साडेसहा

फोन आला. माथ्यावरून. वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं.

मी पहिला मुद्दा काढायच्या आतच हे सुरू झाले. अगं, सगळी आलीत. सगळी. जशी काढली होती तशी. फक्त एक वळण त्यांनी नंतर बदललं आहे, आणि तिथेच रस्ता खचलाय. माझंच बरोबर होतं गं! मग हसले. खो खो. हा माणूस घरी असा हसत नाही. निदान मी खोलीत असताना तरी नाही.

मग म्हणाले, पलीकडचा उतार अजून बाकी आहे. चार दिवस. पुढे जाऊ का?

विचारलं. परवानगी मागितल्यासारखं नाही, नुसतं विचारलं. आणि माझ्या उत्तरासाठी थांबले. वाऱ्यात ते थांबणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

मी ठणकावून नाही म्हणणार होते. मुद्दे तोंडपाठ होते. तोंडातून निघालं, बरं.

हे म्हणाले, राहशील ना एकटी?

म्हटलं, न राहायला काय झालं? मी काय लहान आहे?

तसं नाही, म्हणाले. लग्नाआधी माहेर, नाहीतर हॉस्टेल. मग मी. म्हणून विचारलं.

मी म्हटलं, नसते विचार करू नका, रस्त्याकडे बघा. फोन ठेवला.

सकाळी नऊची बस आहे. मालकीण म्हणाली, पुढची सीट मिळेल, वळणं लागत नाहीत. लागायला ती आहेत कुठे, सगळा सपाट रस्ता. घरी दुपारपर्यंत पोचेन. मग चार दिवस.

कडी लावली. ती तितकी घट्ट बसत नाही, म्हणून घडीची खुर्ची दाराला लावून ठेवली. ह्यांच्या पलंगावर माझी पेटी ठेवली, पलंग रिकामा दिसतो म्हणून नव्हे, जमीन ओली असते म्हणून.

अजून बाहेर उजेड आहे. तरी दिवा लावून ठेवला आहे, वाचायला. वाचायला काही आणलेलं नाही.