दाब, धर, सोड

रविवार, ५ ऑक्टोबर
मागची चाकं पुन्हा लॉक झाली! ओल्या उतारावर ट्रकनं शेपटी फिरवली, शेजाऱ्यांचा मेलबॉक्स वीतभरानं वाचला. पंच्याहत्तर सालचा पिकअप, मागे माल नाही, आणि ब्रेकचा सगळा जोर मागे. पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटून देणारा पितळी व्हॉल्व्ह जाम झालाय — पाना लावायच्या आधीच कानांनी सांगितलं. नवा मागवला.

शनिवारी रुही ट्रक न्यायला येणार. गायी-घोड्यांची डॉक्टर आहे माझी पोर, एलन्सबर्गला. म्हणजे डोंगरातला पास ओलांडायचा, घाट उतरायचा. ब्रेक पक्के झाल्याशिवाय किल्ली देणार नाही.

सोमवार, ६
व्हॉल्व्ह बसवला. दोन वर्कशॉप आहेत माझी, हाताखाली पोरं आहेत — पण हे काम घरच्या गॅरेजमध्ये, माझ्याच हातानं. गंजलेले नट सोडवताना तोंडातून काय काय निघालं!

मग ब्रेक ऑइलच्या लाइनीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली चाकाशी, एक वर पेडलवर. शेजारचा देवांग येणार होता. ऐन वेळी मेसेज — "काका, मीटिंग लांबलीय यार, सॉरी!" मी आधीच खाली सरकलेलो. सवयीनं ओरडलो, "दाब!"

आणि वर पेडल दाबलं गेलं.

टक. मग सीटची कुरकुर. "धर" म्हटलं, चाकाशी हवा काढायचा नट सोडला — ऑइलची पिचकारी! बुडबुड्यांसकट. ऑइल आपोआप येतं तेव्हा थेंब थेंब गळतं, पिचकारी मारत नाही. नट आवळला, "सोड" म्हटलं. पेडल वर आलं.

बाहेर येऊन पाहिलं. केबिन रिकामी.

मंगळवार, ७
ती टक माझ्या ओळखीची आहे.

या देशातली आमची पहिली गाडी म्हणजे भंगार. केंटच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मी तिच्या पोटाखाली, दीपा चपला काढून पेडलवर. जोडवं लोखंडाला लागायचं — टक. "धरलंय हो! सोडू का? पाय भरून आला." पण मी "सोड" म्हटल्याशिवाय कधी सोडलं नाही तिनं. एकदाही नाही. तिला जाऊन दीड वर्ष झालं.

आज दुपारी पुन्हा खाली गेलो. दाब. टक. चारही चाकं झाली, पेडल दगडासारखं कडक. काम संपलं.

मग मी एक नट मुद्दाम सैल केला. हवा आत जाऊ दिली.

बुधवार, ८
दाब. टक. धर. सोड.

खाली पडल्या पडल्या तिला सगळं सांगितलं. रुहीचं नवं घर, आसावरीवहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन, माझ्या हातची करपलेली आमटी. वरून तीच टक. फक्त पाय.

रुहीचा फोन. "बाबा, इज इट सेफ ऑर नॉट? नसेल तर तसं सांगा ना!"
"होतंय गं. थोडी हवा राहिलीय."
पोरगी घाट उतरणार, आणि बाप नट सैल करत बसलाय!

गुरुवार, ९
सीटखाली एक जुनी टोपी सापडली. ट्रक ज्यांच्याकडून घेतला त्या मिसेस हॅलोरनना फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं — हे पेडल टक असं वाजतं, आधीपासूनच का?

बाई म्हणाल्या, पेडल नव्हे, तो माझ्या नवऱ्याचा, वॉल्टचा गुडघा. ब्रेक दाबला की वाजायचा, आम्ही सगळे हसायचो. शेवटी स्टॉप साइनला थांबला तो थांबलाच. हार्ट. "पाय ब्रेकवरच होता. गाडी इंचभर हलली नाही."

म्हणजे मी करपलेल्या आमटीचं गाऱ्हाणं सांगत होतो ते एका परक्या गोऱ्या म्हाताऱ्याला! हसू यायला हवं होतं.

शुक्रवार, १०
देवांगला धरून आणलं. खाली मी, वर तो. "काका, ही तर फुकटची जिम!" टक नाही. नुसता बुटांचा दबका आवाज. सगळे नट पक्के आवळले. उतारावर पुन्हा पुन्हा करकचून दाबून पाहिलं — चारही चाकं एकदम धरतात, शेपटी जागच्या जागी.

निघताना रिकाम्या सीटला म्हटलं, "वॉल्टसाहेब, थँक यू. पोरीकडे लक्ष असू द्या." दुसरं काय म्हणणार?

शनिवार, ११
रुही ट्रक घेऊन गेली. वॉल्टची टोपी सीटवरच ठेवली. पोचल्यावर फोन — "बाबा, ब्रेक्स आर परफेक्ट!" जेवलो. आमटी नाही करपली.

रविवार, १२
गॅरेज झाडून घेतलं. ट्रक नाही, पेडल नाही, ट्रकबरोबर वॉल्टसाहेबही गेले. फरशीवर ऑइलचा डाग तेवढा. कुणाला म्हणून नाही, सहजच म्हटलं — "दाब."
टक.
मी अजून "सोड" म्हटलेलं नाही.