पांढरा प्लग

३ फेब्रुवारी, सोमवार

डायरी लिहायची मला सवय नाही आणि हौस तर मुळीच नाही. मेकॅनिकने भाग पाडलं म्हणून लिहिते आहे.

मुलगी काल सरावात डर्ट बाइकवरून तिसऱ्यांदा पडली. इंजिन टू-स्ट्रोक. आधी मेल्यासारखं चालतं आणि मग एकदम उसळतं, तेही नेमकं वळणात. सोळा तारखेला निवडीची शर्यत. पहिल्या सहांना टीममध्ये जागा. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही. म्हणजे ही शेवटचीच.

मेकॅनिकचं म्हणणं, फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाला, जादा वजन लावू, उसळी जाईल. पार्ट बारा तारखेला येईल. उपाय काय, तर वजन वाढवा! मी म्हटलं, कार्ब्युरेटर मीच बघते. त्यावर म्हणे, काकू, बघा, पण एका वेळी एकच बदल करा आणि केलेलं लिहून ठेवा.

काकू! रंगाच्या कारखान्यात मी बावीस वर्षं नमुने तपासते आहे. आणि मला नोंदी शिकवतो कोण, तर जो गिऱ्हाइकांचे फोन नंबर भिंतीवर खडूने लिहितो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प: शनिवारपर्यंत इंजिन वठणीवर. यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझ्यापुढे इंजिनाची काय टाप. पेपर खाली न घेता म्हणाले. कौतुक समजून पुढे गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळी ६

स्पार्क प्लग काढून पाहिला. काळाकुट्ट, वर तेलकट. शी. असल्या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, लिटरला तीस मिली. म्हणूनच तो धूर. वीस केलं. कमी ऑइल, कमी घाण. यात मेकॅनिकला विचारण्यासारखं काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कार्ब्युरेटरमध्ये एक बारीक सुई असते. तिला पाच खाचा आणि एका खाचेत चिमुकली क्लिप. सुई जितकी वर, तितकं पेट्रोल जास्त. क्लिप मधल्या खाचेत होती. मी थेट सर्वांत वरच्या खाचेत बसवली. आता पेट्रोल भरपूर, उसळी गायब.

एका वेळी एकच बदल हा नियम पाळलाच आहे. ऑइल काल केलं, क्लिप आज.

८ फेब्रुवारी, शनिवार

यश! मुलीने दहा फेऱ्या मारल्या, एकदाही पडली नाही. वर तक्रार आहेच: आई, उसळत नाही गं, पण दमल्यासारखी वाटते. आणि जोर लावला की आतून टकटक येते. मी म्हटलं, जरा सभ्यपणे चाललं की तुम्हाला दमलेलं वाटतं. ती म्हणाली, बरं बाई, तू म्हणशील तसं.

प्लग काढला. पांढराशुभ्र! आमच्याकडे असा पांढरा निघाला की नमुना पास.

९ फेब्रुवारी, रविवार

प्लगचा फोटो मेकॅनिकला पाठवला, निव्वळ त्याची जिरवायला. पाचव्या मिनिटाला फोन. काकू, गाडी बंद ठेवा, पांढरा म्हणजे आत पेट्रोल कमी पडतंय, इंजिन भाजतंय, प्लग बिस्किटाच्या रंगाचा हवा. मी म्हटलं, पेट्रोल मी वाढवलंय, कमी नाही केलेलं. तो म्हणाला, मग एकदा इकडे घेऊन या. मी फोन ठेवला.

बिस्किटाचा रंग! ज्याची नखंसुद्धा कधी पांढरी झाली नाहीत, तो आणखी काय सांगणार?

मुलीला हे सांगितलं नाही. शर्यत आठवड्यावर आलेली, तिचं मन कशाला बिघडवायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पार्ट आला, लावून देऊ का, असा मेकॅनिकचा निरोप. गरज उरली नाही, असं कळवलं. सभ्य शब्दांत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लांब सरळ पट्ट्यात, पूर्ण वेगात, इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मुलीने क्लच दाबला म्हणून वाचली. कोपर सोलवटलंय. बाकी ठीक. खरंच ठीक, दोनदा तपासलं.

हल्लीच्या पिस्टनमध्ये दमच नसतो. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मेकॅनिकने माझ्या आणि मुलीच्या समोर इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, सिलेंडरमध्येही तसेच. नवा सिलेंडर यायला तीन आठवडे. दुसरी गाडी मिळेल का? तो म्हणाला, दोघांना विचारलं, परवाच्या शर्यतीला कोण देणार आपली गाडी?

मी पत्राचा मजकूर सांगायला लागले. त्याने फक्त विचारलं, क्लिप कुठे होती? म्हटलं, सगळ्यात वर, पेट्रोल वाढावं म्हणून. त्याने एका हातात क्लिप स्थिर धरली, सुई तिच्यात वरच्या खाचेपर्यंत सरकवली आणि थांबला.

सुई खाली उतरली.

क्लिप वर सरकवली की सुई खाली जाते. पेट्रोल मी कमी केलं होतं. हे दिसायला दोन सेकंद लागले. आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर.

मग तो मुलीकडे वळून म्हणाला, मी रविवारीच सांगितलं होतं ना, चालवू नका म्हणून? तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी येताना एकच वाक्य: आई, तुला माहीत होतं? म्हटलं, माहिती होती, माझं मत वेगळं होतं. हे वाक्य मी तयार करूनच ठेवलं होतं. मोठ्याने म्हटल्यावर कानाला फार वाईट वाटलं.

पत्र लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

शर्यत झाली. मुलगी गेली होती, वळणावर झेंडा दाखवायला. सहावा आला त्याला ती सरावात रोज मागे टाकते. हे तिने नाही सांगितलं. मीच कुंपणाबाहेरून पाहिलं. हेही सोबत आले होते. पेपर आणला नव्हता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सोपवलेल्या वस्तू.

मेकॅनिककडे: सिलेंडर एक, पिस्टन एक, कार्ब्युरेटर एक (सुई आणि क्लिप वेगळ्या पाकिटात). मी घातलेल्या ऑइलचं प्रमाणही कागदावर लिहून दिलं, लिटरला तीसऐवजी वीस मिली. वाचून त्याने डोळे मिटले. काकूच म्हणाला.

मुलीकडे: पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, सगळे. घरच्या गॅरेजची किल्ली, एक. दुसरी पण आहे ना, तिने विचारलं.

होती. तीही दिली.